प्रमिलाच्या नावाचे पाणी

हे घडले तेव्हा रात्र नव्हती.

१९९२ सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. मे महिन्याचा पहिला आठवडा. दुपारचा एक वाजून गेला होता आणि भडगावहून पारोळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सावली म्हणून कुठे नव्हती. गिरधरभाऊंनी ही हकीगत इतक्या वर्षांत दोनदाच सांगितली. दोन्ही वेळा एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही. ऐकणाऱ्याने विश्वास ठेवावा, असा त्यांचा आग्रहही नाही. पण धाकट्या बहिणीच्या मरणाविषयी कोणी खोटे कशाला सांगेल?

तेव्हा गिरधर पस्तिशीचा होता. त्याची स्वतःची जीप होती आणि भडगाव ते धुळे तो प्रवासी नेई. जीपचा रेडिएटर आठवडाभर गळत होता. खालच्या अंगाला बारीक चीर पडली होती. अशा वेळी तिकडचे ड्रायव्हर जे करतात, तेच त्याने केले. चिरेवर बाहेरून कपड्यांचा साबण दाबून बसवला आणि आतल्या पाण्यात मूठभर हळद टाकली. हळद चिरेत जाऊन बसते आणि गळती काही दिवस थांबते. सण उरकला की धुळ्याला नेऊन पक्के सांधून घेऊ, असे त्याने ठरवले होते.

आखाजीसाठी प्रमिला माहेरी आली होती. सातवा महिना चालू होता. सकाळी ती झोक्याजवळ बसून मैत्रिणींबरोबर गाणी म्हणत होती. अकराच्या सुमारास साडीला रक्त दिसले. भडगावच्या डॉक्टरांनी तपासले आणि एवढेच सांगितले, की धुळ्याला न्या, वाटेत कुठे थांबू नका.

मागच्या सीटवर प्रमिला आडवी झाली. तिचे डोके आईच्या, भिकुबाईंच्या मांडीवर होते.

दहा किलोमीटर झाले आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला.

साबण वितळला होता. गिरधरने फडके धरून झाकण सैल केले, वाफ जाऊ दिली, कॅनमधले सगळे पाणी ओतले. पुढे पाच किलोमीटर जेमतेम निघाले. बॉनेटमधून पुन्हा वाफ आली. खाली मातीत थेंब पडत होते आणि पडल्या जागी सुकत होते.

मागे भिकुबाई पदराने वारा घालत होत्या. सीट भिजली होती. रस्त्यावर दोन्ही दिशांना एकही वाहन नव्हते.

डाव्या हाताला शेतात एक घर दिसले. गिरधर रिकामा कॅन घेऊन धावला. वाटेतल्या विहिरीत डोकावला, तर तळाला भेगा पडलेल्या. ओट्यावर एक म्हातारी एकटीच बसली होती. धुरपदाबाई तिचे नाव. तिच्यासमोर पाटावर भरलेली घागर होती. घागरीच्या तोंडावर मातीचे लहान भांडे, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, बाजूला आंबे आणि पुरणपोळी. खानदेशात आखाजीला घरोघर अशी घागर भरतात. वर्षभरात जे माणूस गेले असेल, त्याचे नाव घेऊन पाणी ओततात. ते माणूस त्या दिवशी येते आणि पिऊन जाते.

म्हातारीने सांगितले, की टँकर उद्या येणार आहे. घरात पाणी एवढेच. आणि हे तिच्या सुनेचे, नर्मदाचे. नर्मदा पौषात बाळंतपणात गेली होती. शेवटपर्यंत पाणी मागत होती आणि डॉक्टरांनी देऊ दिले नव्हते.

गिरधरने हात जोडले. गाडीत बहीण आहे, हे पाणी मिळाले नाही तर ती जाईल, एवढे कसेबसे बोलला.

म्हातारीने एकदा रस्त्याकडे पाहिले. मग तिनेच घागरीवरचे डांगर उतरवून ठेवले.

“बठ्ठं लई जाय, भाऊ. जितं मानूस वाचाले पाह्यजे. पन आखाजीनं पानी शे. नर्मदानं नाव लिसन वत.”

घागर खांद्यावर घेऊन तो जीपपाशी आला. झाकण काढले. नर्मदाचे नाव घेऊन ओत, हे म्हातारीचे शब्द त्याच्या कानात होते. नाव घ्यायला त्याने तोंड उघडलेही...

पण जीभ वळली नाही.

मागे अडलेली बहीण होती. तिच्यासमोर बाळंतपणात मेलेल्या बाईचे नाव कसे घ्यावे? अपशकुन होईल, असे त्याच्या मनाने घेतले. नाव तर घ्यायला हवे होते. त्याने बहिणीचे घेतले.

“प्रमिलासाठी,” तो म्हणाला आणि ओतू लागला.

घट... घट... घट...

पाणी ओतण्याचा आवाज त्याने हजारदा ऐकला होता. हा तसा नव्हता. पाणी घशातून उतरावे तसा होता.

घागर मोठी होती. रेडिएटर भरून पाणी बाहेर सांडायला हवे होते. सांडले नाही. सगळी घागर आत गेली. त्याने वाकून खाली पाहिले. एक थेंबही गळत नव्हता.

हळद बसली, असे त्याला वाटले. त्याने म्हातारीची घागर ओट्यावर ठेवली आणि गाडी सुरू केली.

जीप सुरेख धावली. काटा उतरला. उतरत उतरत अगदी खाली जाऊन टेकला, जणू इंजिन सुरूच नव्हते. बॉनेटवरून येणारा वारा गार लागत होता.

आणि पारोळा सोडताना मागून आवाज आला...

“पानी.”

प्रमिला इतका वेळ पाणी म्हणाली नव्हती. आता धुळे येईपर्यंत ती दुसरे काही बोललीच नाही.

दवाखान्यात लगेच ऑपरेशन झाले. बाळ गेले. प्रमिला वाचली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलेत, आठवड्यात घरी जाईल. भिकुबाई त्यांच्या पाया पडल्या.

त्या रात्री पाणी द्यायचे नव्हते. सकाळी चमच्याने दिले. मग पेला. मग तांब्या.

ती प्यायची आणि पुन्हा मागायची.

पाणी पोटात जात होते, पण ओठ ओले होत नव्हते. जीभ मातीसारखी दिसू लागली. सलाईन लावलेलेच होते. रक्त तपासले, लघवी तपासली, सगळे ठीक निघाले. तिसऱ्या दिवशी सुरतेहून तिचा नवरा भाईदास आला. त्याने बर्फ आणून तिच्या तोंडात ठेवला. ती म्हणाली, तोंडात काहीच नाही.

चौथ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तिने गिरधरला जवळ बोलावले. आवाज पार बसला होता.

“भाऊ... तू मन्हं नाव कोठे लिधं?”

घागरीची गोष्ट त्याने आईलाही सांगितली नव्हती.

“कोठेच नही,” तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिले. मग डोळे मिटून म्हणाली, “तठे ऊन लई शे.”

गिरधर तसाच उठला. कॅन भरून घेतला आणि जीप काढली.

धुरपदाबाई ओट्यावरच होती. त्याने रामराम केला. तो बोलायच्या आधीच तिने सांगून टाकले, “तुन्ही बहीण रोज येस. ओटाखाले उभी ऱ्हास. पानी मांगस.”

गिरधर म्हणाला, की माझी बहीण जिवंत आहे. धुळ्याला आहे. आज दुपारीच माझ्याशी बोलली.

म्हातारीचा चेहरा उतरला. पाणी कोणाचे नाव घेऊन ओतले, असे तिने विचारले. त्याने खाली बघत सांगितले. तिने त्याला बोल लावला नाही. नर्मदाचे नाव घे म्हणाले होते रे, पाणी ती पिऊन गेली आणि तहान तुझ्या बहिणीच्या नावावर लागली, एवढेच पुटपुटली. आखाजीला घेतलेले नाव मागे कसे घ्यायचे, ते दोघांनाही ठाऊक नव्हते.

शेवटी म्हातारीने रिकामी घागर पुढे ओढली.

“भर. ती पिई. मंग मांगाव नही.”

मग काय होईल, असे त्याने विचारले.

तिने पदराने पाट पुसला आणि घागर त्यावर ठेवली.

गिरधर किती वेळ बसला होता, हे त्याला सांगता येत नाही. न भरता परत जावे, असे त्याने ठरवले. दोनदा उठलाही. दोन्ही वेळा त्याला बहिणीचे फुटलेले ओठ आठवले. आणि ओट्याखालच्या उन्हात... कोणीतरी पाय बदलून उभे राहावे तशी धूळ हलली. वारा नव्हता.

त्याने कॅन उचलला. यावेळी चूक नको म्हणून बहिणीचे नाव घेतले, नवऱ्याचे घेतले, सासरचे आडनावही घेतले. आणि घागर भरली.

कोणी दिसले नाही. आवाज झाला नाही.

पाणी मात्र उतरू लागले. बोटभर... चार बोटे... मग तळ दिसला.

संध्याकाळी तो दवाखान्यात पोहोचला, तेव्हा भिकुबाई दारातच उभ्या होत्या. चार दिवसांत प्रथमच हसत होत्या. त्याच्या दंडाला धरून हळू आवाजात म्हणाल्या, “ये. पन आवाज नको करू. दुपारपाईन पानी नही मांगं तिनी. तोंड पुसं, अन् झोपी गई.”

गिरधर खाटेजवळ गेला नाही. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. भाईदास पायाशी बसल्या बसल्या पेंगत होता. नर्स आली, तिने प्रमिलाचा हात हातात घेतला, आणि धावत डॉक्टरांना बोलवायला गेली.

डॉक्टर म्हणाले, जाऊन दोन-तीन तास झाले असावेत. कागदावर त्यांनी अंदाजाने सव्वातीन लिहिले.

गिरधरभाऊ इथेच थांबतात. त्या दिवशी त्यांच्या हातात घड्याळ नव्हते. म्हातारीच्या घरी ते तीनच्या आसपास पोहोचले, एवढे नक्की. पण घागर भरली तेव्हा किती वाजले होते? तीन, की साडेतीन? आधी ती गेली, की आधी त्यांनी पाणी ओतले?

दोन्ही वेळा त्यांनी ऐकणाऱ्यालाच हे विचारले.