एमेटचा बिल्ला

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण रूडी हुदाक माझा सख्खा दीर आहे, आणि तो थापा मारतो त्या फक्त शिकारीच्या.

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या डोंगरात चुनखडीची एक जुनी खाण आहे. रूडी तिथे धातू जोडतो... स्फोटाने. खाली ॲल्युमिनियमची जाड पाटी, वर थोडी फट ठेवून टायटॅनियमचा पत्रा, त्यावर सुरुंगाची दारू. बार उडाला की दोन्ही कायमचे एक.

आत जाताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला खाणीच्या तोंडाशी असलेल्या फळ्यावर ‘आत’कडे लावायचा. आल्यावर स्वतःच्या हाताने ‘बाहेर’कडे. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. ‘आत’ एकही बिल्ला असला तर बार उडवायचा नाही.

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस होता. सगळे रानात. खाणीवर फक्त रूडी आणि त्याची साहेबीण डोलोरेस. भर दुपार.

"तू नाही गेलास रे? हरणं हसतात का तुला बघून?"

"हसू देत. तुझ्यासारखी ओरडत तर नाहीत!"

मांडणी करून दोघं बाहेर आली. आपापले बिल्ले फिरवले.

‘आत’कडे एक उरला होता...

एमेटचा.

एमेट रूडीचा जुना जोडीदार. पाटीवर हातोडीने टकटक करून सांधा ओळखायचा. गेल्या वसंतात खाणीतच छातीत कळ आली. स्ट्रेचरवरून नेताना वाटेतच गेला. त्याचा बिल्ला काढायचा धीर कोणाला झाला नाही. तो ‘बाहेर’कडे टांगलेला असायचा.

"ही कसली थट्टा, डोलोरेस?"

"मी? मेलेल्या माणसाची थट्टा करीन?" तिचा चेहराच उतरला.

तेवढ्यात आतून आवाज आला.

टक... टक... टक...

पाटीवर हातोडी.

दोघं दिवे घेऊन आत धावली. कानाकोपरा पाहिला. कोणी नाही. आवाजही नाही.

"ही पाटी आज गिऱ्हाइकाकडे गेली नाही तर काम हातचं जाईल, रूडी," डोलोरेस म्हणाली.

रूडीने एमेटचा बिल्ला ‘बाहेर’ लावला.

आणि बार उडवला.

धूर गेल्यावर त्याने पाटीवर हातोडी फिरवली. खणखणीत... खणखणीत...

मग एका जागी आवाज बद्द झाला.

सांध्याची ताकद तपासायला त्यांनी तुकडे कापले. बाकीचे यंत्रालाही दाद देईनात. त्या बद्द जागेचा मात्र रूडीच्या हातातच सुटला.

आत पंजाएवढी जागा जुळलीच नव्हती. पाची बोटं स्पष्ट दिसत होती.

"हवा अडकली असेल," डोलोरेस पुटपुटली.

संध्याकाळी तो आमच्या स्वयंपाकघरात बसला होता. समोरच्या ताटातली कोबीची हलुश्की गार झाली.

"वहिनी, स्ट्रेचर गेलं त्या दिवशीही बिल्ला मीच फिरवला होता. एमेटने नाही... मग तो बाहेर आलाच कधी?"

मला भीती वाटली, खरं सांगते.

आता बार उडवण्याआधी तो खाणीच्या तोंडाशी उभा राहतो. "एमेट, चल बाहेर!" अशी हाक मारतो आणि थांबतो. फळ्याकडे पाठ करून. बघायची हिंमत होत नाही त्याला.

परवा मी त्याचा डबा द्यायला गेले होते. तो आतून आला, बिल्ला फिरवला, हाक मारली.

"आला का, वहिनी?"

मी फळ्याकडे पाहिलं...

एमेटचा बिल्ला ‘आत’कडे होता.

शेजारी रूडीचाही.

त्याने तो माझ्यासमोरच ‘बाहेर’ लावला होता.