बावीस मीटर

"सही कर, पोरी," ओत्ताव्हियो म्हणाले आणि त्यांनी पेन टेबलावरून कीलीकडे सरकवलं.

तिच्या मांडीवर आठ महिन्यांची एल्सा आ वासून बसली होती आणि भोपळ्याच्या गराचा चमचा कीलीच्या हातात अधांतरीच राहिला होता. दारात नवरा उभा होता, दारिओ. नुकताच खाणीतल्या पाळीवरून आलेला, बुटांवरची लाल माती तशीच. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर. ते गहाण टाकून सासऱ्यांना एका सोन्याच्या खाण-कंपनीचे आणखी शेअर घ्यायचे होते. कारण सकाळीच कंपनीने जाहीर केलं होतं, चौथ्या बोअरमध्ये सलग बावीस मीटर सोनं! ऑस्ट्रेलियातल्या त्या खाणींच्या गावात, अख्ख्या कालगुर्लीत, तोंडोतोंडी तोच आकडा...

पण कीलीने कंपनीच्या त्या निवेदनाची चौदाही पानं वाचली होती, एल्साला पाजता पाजता. आणि तेव्हापासून तिच्या काळजात कसलीशी थंडगार सुई रुतून बसली होती.

"नोन्नो, जरा बघा ना," असं म्हणत (एल्साचे आजोबा म्हणून ती सासऱ्यांना इटालियनमध्ये नोन्नोच म्हणायची) तिने चहासोबतचा जॅमचा केक पुढे ओढला, आणि विणायची सुई घेतली. "ही जॅमची पट्टी म्हणजे सोन्याची शीर. वरून सरळ टोचलं, तर सुईला बोटभर जॅम लागतो. पण सुई पट्टीतूनच आडवी घातली, तर? पूर्ण सुई जॅमने माखते! हे शेवटचं पान बघा, यातल्या तक्त्यात लिहिलंय, शीर साठ अंशांनी पश्चिमेला कललीये. आणि बोअरही तिथेच, तेवढाच कलता मारलाय. तो शिरेच्या पोटातूनच खाली गेलाय. खाली बारीक अक्षरात त्यांनीच म्हटलंय, खरी रुंदी अजून माहीत नाही..."

"एकतीस वर्षं बोअर मारले मी!" म्हातारा गरजला. "आणि तू मला केकवर शिकवतेस?"

"बापाचं रक्त आहे तिचं," दारिओ हलकेच म्हणाला. "त्यांनी निकेलच्या शेअरच्या लाटेत घर घालवलं, म्हणून आम्ही आयुष्यभर भीतच जगायचं का?"

तो घाव वर्मी बसला! नऊ वर्षांची असताना आईच्या स्वयंपाकघरातलं कपाट परक्या माणसांनी उचलून नेताना तिने पाहिलं होतं. डोळे भरून आले, तरी तिने पेन हातात घेतलं नाही.

"मी घाबरट आहे, कबूल. पण या पोरीच्या डोक्यावरचं छप्पर मी देणार नाही."

त्या दिवसापासून ओत्ताव्हियो सुनेशी बोलेनासे झाले. शेअर मात्र चढतच होता... दुप्पट, अडीचपट. बेकरीतली बाई हसून म्हणायची, "काय गं, तुझ्या घरच्यांची गाडी सुटली म्हणे!" कीली पाव घेऊन निघायची. रोज सकाळी ती भाव बघायची. मीच चुकले असेन तर? या घराचं भाग्य माझ्याच भित्र्या हातांनी मी लाथाडलं तर? तिने पुन्हा पुन्हा तो तक्ता वाचला. साठ अंश पश्चिम. साठ अंश पश्चिम. अंक तेच होते, पण त्यांच्यावरचा तिचा विश्वास झिजत चालला होता.

सहाव्या आठवड्यात पुढचा निकाल आला. हा बोअर शिरेला सरळ, काटकोनात छेदून गेला होता.

एक मीटर, दहा सेंटीमीटर!

दुपारपर्यंत शेअर कोसळला. कीलीला आनंद झाला नाही. ती एल्साला कवटाळून जमिनीवरच बसली.

संध्याकाळी ओत्ताव्हियो आले. हातात बेकरीतला जॅमचा केक होता आणि दिवंगत बायकोची, मारिसाची, विणायची सुई.

"दाखव परत," ते खाली बघत म्हणाले. "त्या दिवशी मी पाहिलंच नव्हतं."

तिने दाखवलं, एकदा सरळ, एकदा आडवं. म्हाताऱ्याने माखलेली सुई आपल्या हातात घेतली.

"कलती रेघ आखणारे साहेब वेगळे असायचे, पोरी. ते सांगतील तिथे मी यंत्र लावायचो. आणि ती पानं... मला वाचता येत नाही. इटलीहून आलो तेव्हा इंग्रजी बोलायला शिकलो, वाचायचं राहूनच गेलं. मारिसा वाचून दाखवायची. लाज वाटायची, म्हणून मथळा झाला की मीच म्हणायचो, बास, कळलं."

दारात दारिओ थिजून उभा होता. "पापा! मला कधी..."

"तुला काय सांगणार? बाप होतो तुझा!" मग ते सुनेकडे वळले. "रागावलो होतो तो तुझ्यावर नाही गं. तू ते पान पुढे केलंस ना माझ्या... त्या पानावर!"

"नोन्नो..." कीलीला हुंदका आवरेना. दारिओने पुढे येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चुकलो मी," तो पुटपुटला, "तुझ्या बाबांचं नाव काढायला नको होतं."

ओत्ताव्हियोंनी नातीला मांडीवर घेतलं. त्यांचे पहिले, जुने, थोडेसे शेअर अजून होते. कंपनीचे आणखी दोन निकाल यायचे होते. खिशातून त्यांनी आजची घडी घातलेली पानं काढली आणि सुनेसमोर ठेवली.

"वाच," ते म्हणाले. "मथळा राहू दे. खालचं बारीक आधी."