चार्वाक थांबला उजेडात

नवी पेठेतल्या तुपाच्या दुकानात धोतर-उपरण्यातला एक दाढीवाला दुकानदाराशी हुज्जत घालत होता. पाटीवरची शुद्धता डोळ्यांना दिसत नाही, मग मानायची कशी? दुकानदाराला वाटलं, तपासणीवालेच वेष बदलून आलेत. त्यानं लगबगीनं चहा मागवला. रस्त्यानं चाललेली चेतना थबकली... आणि खुदकन हसली.

“काय दिसलं एवढं?” दाढीवाल्यानं विचारलं.

“दाढी. डावीकडून सुटलीय की.”

तो प्रभुलिंग. प्राचीन चार्वाक आजच्या सोलापुरात येतो, दिसेल तेवढंच खरं मानतो आणि सगळ्यांची पंचाईत करतो, असं त्याचं एकपात्री नाटक होतं. तालीम तो अशी भर बाजारात करायचा. चेतना नाटकांची प्रकाशयोजना सांभाळते म्हटल्यावर त्यानं तिथंच तिला गळ घातली, आणि तिनंही फार आढेवेढे घेतले नाहीत.

चार्वाक होऊन तो पुढाऱ्यांची, बुवांची बिनधास्त खिल्ली उडवायचा. तालीम संपली की मात्र चेतनासमोर नुसता चहाचा कप फिरवत बसायचा. तिला तो आवडला होता — अगदी मनापासून! आणि प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी पुण्याचे पाहुणे तिला बघायला येणार होते. तिनं ते त्याला मुद्दाम सांगितलं. तो नुसतं “बरं” म्हणाला. असा राग आला तिला!

प्रयोग रंगला. शेवटच्या वाक्यावर तिनं अंधार करायचा, असं ठरलेलं. वाक्य झालं... चेतना त्याच्याकडे बघतच राहिली. अंधार काही होईना. एकट्याचं नाटक, सावरून घ्यायला रंगमंचावर दुसरं कोण? तो घामाघूम झाला. काहीतरी बोलणं भागच होतं.

“दिसत नाही ते मी मानलं नाही,” तो चाचरत म्हणाला. “एक मुलगी रोज माझ्यावर उजेड धरून बसली... तिच्या मनातलं दिसेना, म्हणून गप्प राहिलो. लई चुकलं.”

नाटकच चाललंय असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण चार्वाकाच्या बोलण्यावर चेतनाचं समाधान होणार नव्हतं. तिनं प्रेक्षागृहातले सगळे दिवे लावले आणि प्रेक्षकांच्या मागं, आपल्या जागी उभी राहिली. तिला बघताच तो रंगमंचाच्या कडेपर्यंत आला.

“चेतना,” आता आवाज त्याचा स्वतःचा होता, “उद्या येऊ नका म्हणून सांग की त्यांना.”

“सांगते,” ती म्हणाली. “पण घरी पोह्यांचा बेत ठरलाय. त्यांच्या जागी तू ये... आईला घेऊन.”