न सरणारा दिवा

यात पदरचं काहीच घातलेलं नाही. १९४१चा मार्गशीर्ष. बेळगावजवळच्या गुंजी गावात, मारुतीरावांच्या घरी, दिवेलागणीला हे घडलं.

मारुतीराव गेले ते अंधारात. वाऱ्यानं कंदील विझला, काडी पेटेना. ते लेकीला एवढंच म्हणाले, “कल्याणी, दिसंना गं.”

त्यांच्या जागेवर दहा दिवस पणती ठेवायची रीत. पण तीही वाऱ्यात टिकेना.

आप्पांना पुन्हा अंधार नको, एवढंच कल्याणीच्या मनात होतं. बेळगावात मास्तरीण होती ती. तिथल्या व्यापाऱ्याकडून तिनं डायनामोची दोन इंजिनं पारखायला आणवली. जे दगा देणार नाही ते ठेवायचं. पणतीच्या जागी तिनं बल्ब टांगला.

“तेलाचा दिवा सरत जातोय, संगं मानूस बी जातंय,” बाळाबाई आत्ती म्हणाली. “ह्यो कुठं सरतोय?”

“सरायलाच नको, आत्ती.”

गोठ्यात भावकू मिस्त्रीनं लहान इंजिन चालू केलं. ते खोकून बंद पडलं.

मग मोठं. धडधड… फळीवरची भांडी थरथरली. बल्ब लख्ख पेटला.

“लई रॉकेल पितंय, आक्का. पन ह्येच घ्या,” भावकू ओरडला. “जरा थंड करतो.”

धडधड थांबली.

बल्ब… विझला नाही.

कल्याणीला आधी बरंच वाटलं.

“बॅटरी हाय का रं याला?” तिनं विचारलं.

“न्हाय की.” हात पुसत भावकू दारापर्यंत आला, आणि तिथंच थबकला.

उजेड हळूहळू ओसरला. नुसती आतली तार लाल उरली… मग पुन्हा भरून आला.

पुन्हा ओसरला. या वेळी जास्त वेळ.

हा खंड कल्याणीच्या ओळखीचा होता. आप्पांचा श्वास शेवटी असाच थांबायचा, असाच परत यायचा. त्यांचा हात धरून ती दर वेळी म्हणत होती, अजून एक… अजून एक.

“सोड त्येला,” आत्ती हळूच म्हणाली. “दमलाय गं.”

कल्याणीनं बल्बच्या बटणाला हात घातला.

बटण बंदच होतं.

उजेड ओसरत गेला…

“जावा, आप्पा,” ती म्हणाली.

तार काळी पडली. तिघंही वाट बघत उभी राहिली. काहीच झालं नाही.

सकाळी दोन्ही इंजिनं परत गेली. उरलेले दिवस पणतीच ठेवली. वारा तोच होता. पण ती विझली नाही.

पुढं कल्याणी बेळगावच्या टिळकवाडीत राहायला गेली. तिथं बिजली होती, अधूनमधून जायची. घरचे काड्या शोधायचे. ती शांत बसून असायची. अंधाराचं तिला काही वाटायचं नाही.

ती घाबरायची ते दिवे परत येताना…