पात्यावरची गुलाबी खाच

विमान पहिल्यांदा उतरलं त्या दिवशी माझं लक्ष विमानाकडं नव्हतंच. माझं लक्ष होतं माझ्या रांगोळीकडं... आणि ती तर डोळ्यांदेखत उडून गेली!

आष्टीच्या अलीकडं, माळावर, ही धावपट्टी बहात्तरच्या दुष्काळात झाली. तिची खडी फोडणाऱ्या बायांत सोळा वर्षांची मीही होते. पुढं मुंबईच्या एका साहेबांनी जवळच तेलाची गिरणी काढली, पट्टी दुरुस्त करून घेतली आणि माझे वडील, कडूबा, तिथं राखणदार लागले. मी आणि आणखी तिघी खडे वेचायला. काम ऐकायला सोपं. विमान यायच्या आधी चौघींनी एका रांगेत, अनवाणी, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. मुरमातला खडा डोळ्याला दिसत नाही, तळव्याला बरोबर कळतो. चालून झालं की ओरडायचं, "साफ हाय!" मग वडील पांढरं निशाण वर करायचे आणि विमान उतरायचं.

मग त्या दिवशी पट्टीवर खडा ठेवला कुणी? मीच!

सरपंच अण्णासाहेब सकाळीच येऊन बसले होते. "साहेब पहिल्यांदा येऊन राह्यले, बेबीनंदा. पट्टीवर रांगोळी पाहिजे म्हंजे पाहिजे." मी मोठं कमळ काढलं, गुलाबी रंग भरला, भोवती झेंडूची माळ ठेवली. कार्तिकातला वारा माळ काही ठरू देईना. म्हणून तिच्या टोकावर सुपारीएवढा एक खडा ठेवला. एरवी खडे वेचणारी मी, आणि त्या दिवशी तो खडा माझ्या लेखी खडा राहिलाच नव्हता.

विमान दोन इंजिनांचं, दोन्हींपुढं फिरता पंखा. टर्बोप्रॉप म्हणतात, हे मला नंतर कळलं. ते ठरल्यापेक्षा पुढं आलं, आणि त्याच्या पंख्यानं माझं कमळ, झेंडू, खडा सगळं ओढून घेतलं. खण्णकन आवाज झाला.

साहेब उतरले ते लालबुंद होऊन. "पट्टी कोण साफ करतं इथं? आजच्या आज काढून टाका सगळ्यांना!" वडिलांचा चेहरा एवढासा झाला.

तेवढ्यात मागच्या दारातून एक जण उतरला. खाकी कपडे, तेलकट हात, मानेवर रुळणारे केस. विमानाचा मेकॅनिक. त्यानं कुणाकडं न बघता पंख्याच्या पात्याच्या धारेवरून अंगठ्याचं नख फिरवत नेलं. एका जागी नख अडकलं. तिथं खाच पडली होती... आणि खाचेत गुलाबी रंग भरला होता.

त्यानं रंग पाहिला. उरलेली रांगोळी पाहिली. मग माझी गुलाबी बोटं पाहिली, जी मी पदराआड लपवत होते. मी श्वास धरून उभी — आणि त्यानं सावकाश अंगठ्यानं तो रंग पुसून टाकला.

"मुरूम आहे साहेब," तो म्हणाला. "आपल्याच पंख्याच्या वाऱ्यानं उडाला. यात कुणाची चूक नाही."

"मग लगेच निघता येईल?"

"छे! आठ दिवस तरी लागतील."

साहेब आणि विमान चालवणारे कप्तान गाडीनं औरंगाबादला गेले. मेकॅनिक राहिला. नाव संपत, गाव नाशिककडचं ओझर.

दुसऱ्या दिवशी त्याची भाकरी घेऊन मीच गेले. वडिलांनी पाठवलं, असं मी म्हणणार होते. पण त्यानं विचारलंच नाही.

"बेबीनंदा म्हणजे काय हो? बेबी की नंदा?"

"दोन्ही."

"मग मी कुणाला हाक मारू?"

"भाकर पाहिजे आसंल तं बेबीला. ठेचा पाहिजे आसंल तं नंदाला."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर काळं तेल लागलेलं होतं, आणि ते पुसावं असं मला वाटलं... इतकं वाटलं की मी पाण्याचा तांब्या तिथंच विसरून परत आले.

त्याचं काम मला फार आवडायचं. बारीक कानस घेऊन तो खाच अशी घासायचा की ती हळूहळू पसरट होत जायची. मग भिंगातून बघायचा. मग पुन्हा घासायचा.

"एवढीशी तं खाच हाय," मी म्हणाले. "तिला इतकं काय करून राह्यले तुम्ही?"

"एवढीशीच असते. पण तशीच ठेवली तर हवेत तिचा तडा होतो. तडा वाढत जातो आणि एक दिवस पातं तुटतं. मग वर बसलेल्यांचं काही खरं नाही." त्यानं माझं बोट धरलं, पात्याच्या धारेवरून नेलं. "लागतं काही नखाला?"

मला काहीच लागलं नाही. माझं सगळं लक्ष त्या धरलेल्या बोटात होतं.

"खडा मीच ठेवला व्हता. तरी त्या दिवशी तुम्ही रंग का पुसला?" मी विचारलं.

"तुमची बोटं बघितली म्हणून." तो पात्याकडंच बघत बोलत होता. "अशी कापत होती... वाटलं, या बाईचा जीव आता जातो."

असे आठ दिवस गेले. सकाळी दव पडायचं, तो विमानाच्या पंखाखाली बसून कानस चालवायचा आणि मी या ना त्या कारणानं पट्टीवर असायची. द्वारकाबाई, आमच्यातली सगळ्यात वयस्क, मला म्हणालीसुद्धा, "पोरी, खडे जमिनीवर आसतेत. तू कुठं पाहून राह्यली?"

आठव्या दिवशी कप्तान आले. निघताना संपत हळूच म्हणाला, "पुढच्या खेपेला मुक्काम पडला की संध्याकाळी तुझ्या वडिलांशी बोलतो. बोलू ना?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं होतं, मला कळलंही नव्हतं. मी मान डोलावली.

"मुक्काम न्हाई पडला मंग?"

"मग ठेव परत एक खडा," तो डोळे मिचकावत म्हणाला.

पुढची खेप चार महिन्यांनी आली. तोवर जाफराबादच्या एका शिक्षकाचं, रामरावांचं, स्थळ मला चालून आलं होतं. वडील खुश होते. मी त्यांना काय सांगणार? आठ दिवसांचा पाहुणा, हातात ना पत्ता ना पत्र. मी रोज 'उद्या सांगू' म्हणत राहिले. बुधवारी पहाटे वडील शब्द द्यायला जाफराबादला गेलेसुद्धा. परत येणार होते गुरुवारी सकाळच्या एसटीनं.

आणि बुधवारी दुपारी गिरणीतून निरोप आला. साहेबांचं विमान चार वाजता येतंय. अर्धा तास थांबून हैदराबादला जाणार.

अर्धा तास! मला एक रात्र हवी होती. गुरुवारी वडील स्टँडवर उतरताच संपत त्यांच्यापुढं उभा राहिला असता, तर वडिलांनी त्याच पावली शब्द परत घेतला असता. ते माझ्यावर जीव टाकायचे. एक रात्र, बस्स.

चौघी चालायला लागलो. विमान जिथं वळतं त्या जागी माझ्या उजव्या तळव्याखाली तो आला. खडा. सुपारीएवढाच.

मी थांबले. उचलला... आणि परत ठेवला. हो, ठेवला. खोटं कशाला बोलू? तीन पावलं पुढंसुद्धा गेले.

"काय गं, सापडलं का काही?" द्वारकाबाईनं विचारलं.

तेवढ्यात वर आवाज आला, ती बारीक शिट्टी आणि तिच्याखालची घरघर. त्या विमानात तो बसला होता. खाच पडलेली कुणाला दिसलीच नाही तर? तिचा हैदराबादच्या वाटेवर तडा झाला तर? मी वेड्यासारखी मागं धावले, खडा उचलला आणि मुठीत आवळला.

"साफ हाय!" मी ओरडले. आवाज चिरकला. वडील नव्हते, म्हणून पांढरं निशाणही मीच वर केलं.

संपत उतरला. मला बघून आधी हसला आणि मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला. मी घाईघाईनं सगळं सांगितलं.

"उद्या सकाळी येतात ना? थांब," तो म्हणाला आणि विमानाकडं पळाला. त्यानं पात्यांवरून नख फिरवलं, एकदा, दोनदा, पुन्हा पहिल्यापासून. पण गेल्या खेपेपासून कप्तान स्वतः पाती तपासायचे. तेही त्याच्या मागून हात फिरवत आले आणि साहेबांना म्हणाले, "पाती एकदम साफ आहेत, साहेब." संपत साहेबांपुढं हात जोडून काहीतरी बोलला. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि नकाराची मान हलवली.

तो परत आला तेव्हा त्याचे ओठ कोरडे पडले होते. "मी नाही चढलो तर नोकरी गेली. आई आहे, दोन बहिणी आहेत... तरी तू म्हण. तू म्हटलीस तर नाही चढत."

त्यानं खरंच ऐकलं असतं. म्हणून तर मला म्हणता आलं नाही.

"जा तुम्ही."

"एकही खडा नव्हता, बेबी?"

मी मूठ उघडली. तो बघतच राहिला.

"मग ठेवला का नाहीस?"

"तुम्ही होते ना त्याच्यात बसलेले."

त्यानं माझी बोटं एकेक करून खड्यावर मिटली. चारचौघांत, साहेबांच्या देखत. मग तो गेला. धुळीत डोळे उघडे ठेवता येत नव्हते. तरी ठिपका होईपर्यंत मी बघत उभी होते. गुरुवारी वडील उतरले, पण त्यांच्यापुढं उभा करायला संपत नव्हता, आणि मी पुन्हा 'उद्या सांगू'च म्हटलं.

पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी, वडिलांच्या नावानं पत्र आलं. वडिलांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते मलाच वाचावं लागलं. संपत गेला त्याच रात्री हैदराबादहून लिहिलेलं. 'तुमची मुलगी मला द्या. पंधरा दिवसांत आईला घेऊन येतो. एक खोटं मी तुमच्याकडं कबूल करतो. ती खाच अर्ध्या दिवसात घासून झाली होती. आठ दिवस मी तुमच्या मुलीसाठी राहिलो होतो.'

वडील माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेबे, बुधवारीच शब्द देऊन आल्तो. पत्रिकाबी छापल्या. त्यो गुरुवारी मला भेटता तं मी माघारी गेलो आसतो, पोरी... आता लोकं काय म्हणतेन? तवा का न्हाई थांबला त्यो?"

मी पत्राची घडी घातली. तो का थांबला नाही, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. विमान असो नसो, शनिवारी पट्टीवर चालायचंच. चौघी रांगेत चाललो. वळणाच्या जागी आलो तेव्हा द्वारकाबाईनं सवयीनं विचारलं, "काय गं, सापडलं का काही?"

"न्हाई," मी म्हणाले. "साफ हाय."

आणि तिथंच मुरमात बसून मी रडायला लागले.