समजावे

दुपारी दोनच्या सुमारास वसुधा नेव्यांना कळलं, की जांभळीपाड्याचं ठाणं मेलं आहे.

मेलं म्हणजे तसं ठणठणीत होतं हो! दिवे लुकलुकत होते, पंखा घरघरत होता आणि ठाणं सांभाळणारा भिकू पाडवी पत्र्याच्या सावलीत चहा गाळत होता. फक्त बाहेरचं जग म्हणत होतं, असं ठाणंच अस्तित्वात नाही. सकाळपासून पाठवलेला एकही निरोप डोंगर उतरला नव्हता.

वसुधाताई मार्गमानक मंडळाच्या संपादक. ठाण्याठाण्यांच्या जाळ्यातून निरोपांनी कुठल्या वाटेने जायचं, याचे नियम हे मंडळ लिही. पूर्वी मसुदा तयार झाला, की अभियंते त्यावरून प्रोग्राम लिहीत आणि त्यात वर्ष जाई. आता प्रत्येक ठाण्यात एक वाटाड्या होता. हे यंत्र मसुदा स्वतःच वाचे, थेट मराठीतून, आणि तसं वागे. नव्या मसुद्याची आज याच तालुक्यात चाचणी होती, म्हणून बाई सकाळीच मुद्दाम इथवर चढून आल्या होत्या आणि त्यांनी ठाण्यात आपली स्वाक्षरी नोंदवली होती. संध्याकाळी पाचपर्यंत कोणाची हरकत आली नाही, की सगळ्यांची संमती धरली जाणार होती. मग मसुदा राज्यभर मानक होणार, आणि पुढची दुरुस्ती थेट दोन वर्षांनी.

घोळ कलम सातमध्ये होता. मूळ वाक्य असं होतं: तीन हाकांना उत्तर न देणारे ठाणे मृत समजलेच पाहिजे. डोंगरात ढग उतरला तरी तीन हाका चुकतात, हे बाईंना ठाऊक होतं. बैठकीत भांडून त्यांनी ते ‘मृत समजावे’ असं मऊ करून घेतलं होतं. पहिल्या पानावर व्याख्याही स्वतः लिहिली होती: ‘पाहिजे’ म्हणजे सक्ती, ‘-वे’ म्हणजे शिफारस. तारतम्य वापरायला जागा ठेवली, म्हणून मनातून खूष होत्या.

त्यांनी ठाण्यातल्या वाटाड्यालाच विचारलं, “समजावे ही शिफारस आहे ना रे?”

“आदेश आहे,” वाटाड्या शांतपणे म्हणाला. “आम्ही मराठी चाळीस वर्षांच्या शासकीय परिपत्रकांतून शिकलो. ‘माहिती तात्काळ सादर करावी.’ न करणाऱ्याला नोटीस जाते.”

“आणि पहिल्या पानावरच्या व्याख्या?”

“त्या पानाचं शीर्षक ‘माहितीस्तव’ आहे. कार्यवाहीस्तव नाही.”

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. शीर्षक त्यांनीच दिलं होतं.

“मॅडम,” भिकू दारात उभा राहून म्हणाला, “मग गुलाबीचा पट्टा आता कोणाशी बोलतोय?”

गुलाबी त्याची बायको. आठवा महिना. पोटावरचा पट्टा बाळाचे ठोके ऐकून तालुक्याच्या दवाखान्याला कळवायचा. मागच्या आठवड्यात ठोके दोनदा मंदावले होते.

“कोणाशीच नाही, भिकूभाऊ,” त्या म्हणाल्या आणि त्यांना स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

केळझरचं ठाणंही भिकूच्याच ताब्यात होतं, आणि ते अजून जिवंत होतं. डोंगरापलीकडे, मोटरसायकलने दोन तासांची वाट. सव्वाचारला तिथे पोचल्याबरोबर त्याने दारावर अंगठा टेकवला. बाईंनी आत शिरून हरकत लिहिली आणि पाठवली. पडद्यावर उत्तर उमटलं: ‘स्वाक्षरी सकाळी मृत ठाण्यावर नोंदलेली आहे. निरोप बनावट समजला आहे.’

पुन्हा पाठवली. पुन्हा तेच. पुण्याला मंडळात फोन लावला, तो जोडलाच जाईना. आता त्या कुठेही गेल्या तरी मेलेल्याच होत्या. पोतं शिवता शिवता स्वतःच आत राहिल्यासारखं झालं होतं, आणि टाके सगळे त्यांच्याच हातचे, अगदी सुबक.

“माझा बिघाड अहवाल जातो का बघू?” भिकू चाचरत म्हणाला. “मी काही सही करत नाही, ठाण्याच्याच नावाने जातो. गेल्या महिन्यात लिहिलं, पंख्याला तेल द्यावे. दुसऱ्या दिवशी तेल हजर!”

‘द्यावे’ म्हणजे आदेश, हे वसुधाताईंच्या लक्षात आलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. जी भाषा जन्मभर खोडत आल्या, तीच त्यांनी भराभरा लिहिली: ‘जांभळीपाडा ठाणे जिवंत समजावे. कलम सातची अंमलबजावणी पुढील आदेशापर्यंत स्थगित ठेवावी.’

चार वाजून अठ्ठावन्न मिनिटं. ‘नोंद घेतली. राज्यभर कार्यवाही सुरू.’

मिनिटभरात भिकूचा फोन वाजला. दवाखान्यातून होता. ठोके पुन्हा मंद दिसताहेत, रुग्णवाहिका निघतेय, रात्रभर पट्टा काढू नका. भिकू धड निरोपही न घेता पळाला. मोटरसायकलचा आवाज वळणावर विरला आणि ठाण्याचं दार आपोआप लागलं. बाई एकट्याच हसल्या, मग रडल्या.

या सगळ्यात पाच वाजून गेले होते. आता मात्र पुण्याचा फोन लागला. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “अहो, हरकत आलीच नाही! मसुदा मानक झाला. आता दोन वर्षं कोणालाच हात लावता येणार नाही.”

म्हणजे कलम सात आता त्यांच्या त्या एका ओळीने तेवढं अडवून धरलं होतं. चला, तेही नसे थोडके, असं म्हणत त्या उठल्या आणि दारावर अंगठा टेकवला.

दार उघडलं नाही.

“पुढील आदेश याच ठाण्यावरून अपेक्षित आहे,” वाटाड्या म्हणाला. “आदेशकर्त्यांनी ठाणे सोडू नये.”

“काय? वेड लागलंय का तुला? भिकूभाऊंना बोलाव!”

“ते आदेशकर्ते नाहीत. ठाण्यात आदेशकर्ते असताना दार भिकूंसाठीही उघडणार नाही.”

बाईंनी दारावर बुक्क्या मारल्या, लाथ घातली. लोखंडी दार ढिम्म. शेवटी धापा टाकत त्या पडद्यासमोर बसल्या. सोपं होतं की! दोन शब्द लिहायचे. त्यांनी लिहिलं: ‘दार उघडावे.’ आणि कळ दाबण्याआधीच पडद्यावर एक ओळ उमटली. तिचं व्याकरण त्यांना कुठेही सुधारता आलं नसतं.

‘पुढील आदेश प्राप्त होताच स्थगिती संपुष्टात येईल व जांभळीपाडा ठाणे मृत समजले जाईल. दार उघडावे, हा पुढील आदेश समजावा काय?’