अँबॅसिडरचं हँडल

नामांतराच्या बंदमुळं त्या दिवशी परभणीहून एकही एसटी सुटली नव्हती. दवाखान्याच्या फाटकाशी कावेरी वडिलांना, म्हणजे दादांना, गाडीत बसवत होती. एक हात त्यांच्या काखेत, दुसरा डोक्यावर... दार लागू नये म्हणून. किशनरावांना लकवा झाल्यापासून दर आठवड्याला हेच. शाळा, स्वयंपाक, दादांचा व्यायाम, पुन्हा शाळा.

"बाई, गंगाखेडलाच चाललात का? माय हाय संगं. डोळ्याचं ऑपरेशन झालंय तिचं."

माणूस अनोळखी होता, आवाज मात्र नव्हता. कावेरी थबकली. "तुमी... टेलिफोन ऑफिसातले?"

"उद्धव. रात्रपाळीला असतो." तो थकलेला हसला. "दादांना झटका आला तवा पुण्याला तुमच्या भावाला कॉल मीच लावून दिला होता."

माय-लेक मागं बसले. कावेरीनं अँबॅसिडर काढली तशी इंजिनातून टकटक सुरू झाली.

"हे काय वाजायलंय?" उद्धवनं विचारलं.

"टॅपेट. व्हॉल्व ढकलतात ते. ढिले झालेत."

"मग गॅरेजला दाखवा की."

"मला येतं सेट करायला, दादांनीच शिकवलंय. पण पुढून हँडल घालून इंजिन हातानं फिरवायला दुसरं माणूस लागतं. आधी दादा फिरवायचे." पुढच्या सीटवर किशनराव खिडकीबाहेर बघत राहिले.

"रविवारी मी येतो."

"रविवारी झोपत न्हाई का तुमी?"

"झोपतो की... तुमची गाडी झाल्यावर."

आरशात तिची नजर त्याच्या नजरेला भिडली, आणि तिनं ती पटकन रस्त्यावर आणली.

रविवारी दादांना ताप भरला. गाडी तशीच राहिली. उद्धव मात्र त्यांच्या उशाशी बसून गेला. पुढच्या रविवारी कावेरीला पेपर तपासायचे होते. तो तरीही आला, मायला घेऊन, सोबत थालीपिठं बांधून. माय आणि कावेरी जुन्या ओळखीच्या असाव्यात तशा ओट्यावर बसून बोलल्या. मग अंगणातल्या लिंबाखाली एकदाचं बॉनेट उघडलं, तेव्हा उन्हाळा तोंडावर आला होता.

उद्धव पाळीवरून थेट आला होता. डोळे लाल. किशनराव खुर्चीत, काठी मांडीवर. हँडल हलकं फिरावं म्हणून कावेरीनं प्लग काढून ठेवले आणि इंजिनवरचं झाकण उचललं.

"हळू... अजून थोडं... थांबा."

फटीत पातळ पत्ती सरकवून तिनं नट आवळला. "पत्ती सरकली पाहिजे, पण जराशी धरत."

"आन् अगदी घट्ट केलं तर?"

"इंजिन तापलं की व्हॉल्व नीट मिटत न्हाई. जळतो."

"मग ढिलंच ठेवा."

"मग टकटक."

"टकटक झाली की मला पुन्हा यावं लागंल..." तो हँडलकडं बघत म्हणाला.

कावेरी इंजिनवर जास्तच वाकली. गालातलं हसू दादांना दिसू नये म्हणून.

"फिरवा." हँडल हललं नाही. "उद्धव?"

बंपरला टेकून, हात हँडलवर तसाच ठेवून तो झोपला होता. किशनरावांनी चांगला हात उचलून तिला खुणावलं – असू दे. ती त्याच्या शेजारी मातीतच बसली. नुसतं बसायला मिळून किती दिवस झाले होते... तिचेही डोळे कधी मिटले, कळलं नाही.

पायांवर ऊन आलं तशी दोघं जागी झाली. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. राहिलेले टॅपेट झाले, प्लग बसले, गाडी सुरू झाली. किशनरावांनी डोळे मिटून आवाज ऐकला आणि मान हलवली.

उद्धव फडक्याला हात पुसत राहिला. "आता काम झालं. पुढं कशाच्या निमित्तानं यावं?"

"मी लय थकलेय, उद्धव," ती म्हणाली. "बघायला आलेले दादांना बघून परत गेले. त्यांना सोडून मी कुठंच जाणार न्हाई. हे आधीच सांगते."

"ऐकलं." त्यानं फडकं ठेवलं. "मी पण थकलेलाच हाय, कावेरी." बाई नाही, कावेरी. "मायला घरी एकटी ठेवून पाळीवर बसतो, सगळा जीव तिच्याकडं. तुमाला न्यायचं माझ्या मनात न्हाई. आमालाच इकडं येऊ द्या... आलटून पालटून झोपू तरी."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "दादांना विचारा."

उद्धव खुर्चीसमोर उकिडवा बसला. त्यानं त्यांचा हात धरला. किशनरावांची जीभ जड होती. शब्द यायला वेळ लागला.

"माय... ला... घेऊन ये."

कावेरीनं काळे झालेले हात पदराला पुसले आणि किल्ली उचलली.

"चला," ती म्हणाली, "आताच आणू त्यांना. जेवण इथंच करू सगळे."